ऑलिव्हची सवत

माझा धाकटा भाऊ नॉर्बर्ट आयुष्यभर पुलांची चित्रं काढत आला. त्याच्यासमोर 'चित्रं' म्हटलं की तो चिडायचा. "ड्रॉइंग्ज म्हण गं बाय, चित्रं काय!" म्हणून मी मुद्दाम चित्रंच म्हणायचे. आम्ही मूळ वसईचे. आधी ठाण्याच्या एका ऑफिसात, मग शहाण्णव साली इकडे मेलबर्नला आल्यावर सिटीतल्या एका ऑफिसात, मिळून चौतीस वर्षं हा माणूस पुलांचे खांब आणि कमानी काढत बसला. ऑफिसात त्याला सगळे 'नॉर्म' म्हणत. दिवसभर तिथे 'ब्रिज, ब्रिज' करून तो संध्याकाळी वेरिबीच्या ट्रेनमधून उतरला, की घरात मात्र पूल. चुकूनही ब्रिज नाही. "पोरीला पूल म्हणजे पूलच कळला पाहिजे," म्हणायचा.

पोर म्हणजे रिबेका, त्याची एकुलती एक. ती सहा वर्षांची असताना नॉर्बर्टने तिला सांगितलं, "रविवारी मिस्सा झाली की तुला मोठा पूल दाखवतो." मुलगी चर्चमध्ये फ्रॉकच्या आत बेदर्स, म्हणजे पोहायचे कपडे, घालून बसली, पर्समध्ये पोहायचे गॉगल्स. हा तिला घेऊन गेला आणि नदीवरच्या लोखंडी पुलाखाली उभं करून रिव्हेट, म्हणजे जोडाचे खिळे, दाखवायला लागला. तिने असं भोकाड पसरलं की कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईने येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना. ही बेदर्सची गोष्ट ऑलिव्ह, म्हणजे नॉर्बर्टची बायको, दर ख्रिसमसला सांगायची. पंचवीस वर्षं सांगितली. आम्ही पंचवीस वर्षं हसलो.

ऑलिव्ह पुलांना सवत म्हणायची. त्यातही मोठी सवत एकच. ठाण्याच्या ऑफिसात नॉर्बर्टच्या टेबलावर एका सिमेंट कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यात ऑक्टोबर महिन्याला इटलीतल्या व्हेरोना शहराचा एक फोटो. टेकडीवरून काढलेला. खाली नदीचं वळण, आणि नदीवर रोमन लोकांनी बांधलेला पूल, अर्धा पांढऱ्या दगडाचा, अर्धा लाल विटांचा. वर्ष संपलं तरी त्याने ते पान टाकलं नाही. लग्न झाल्यावर ते ऑलिव्हच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटलं, आणि इकडे येताना बॅगेतून इकडे आलं. त्या पुलाची कथा आम्हाला पाठ होती. युद्ध संपता संपता जर्मन सैन्याने पळताना तो सुरुंग लावून उडवला, दगड नदीत पडले, आणि गावच्या लोकांनी काही वर्षांनी तेच दगड नदीतून वर काढून, जुने फोटो बघून, पूल पुन्हा उभा केला. पार्टीत कोणी नवीन माणूस भेटला की हा सुरू. ऑलिव्ह ताट घेऊन बाजूने जाताना म्हणायची, "चालू दे सवतीचं कौतुक."

आता त्या मंगळवारबद्दल सांगते. ते टाळून ही गोष्ट सांगताच येणार नाही.

दर मंगळवारी सकाळी ऑलिव्ह वेरिबीच्या स्विमिंग पूलमध्ये बायकांच्या व्यायामाला जायची. पाण्यात उभं राहून हातपाय हलवायचे, दुसरं काही नाही. त्या मंगळवारी पूलचा हीटर बंद पडला आणि क्लास रद्द झाला. म्हणून दोघं नदीकाठाने चालायला गेली. ऑलिव्ह म्हणाली, "चल, माझ्या इथल्या सवतीला भेटून येऊ." रस्त्याच्या पुलाजवळ एक बाक आहे. त्यावर ती बसली, डोकं दुखतंय म्हणाली, आणि बाकावरून खाली घसरली.

नॉर्बर्टने ट्रिपल झीरोला, म्हणजे इथल्या इमर्जन्सीच्या नंबरला, फोन लावायला हवा होता. त्याने रिबेकाला लावला. आमच्याकडे ती सवयच पडली होती. बँक असो, गॅसवाले असोत, फोन रिबेकानेच करायचा. तिचं इंग्लिश इथलं, लोक तिला दुसऱ्यांदा विचारत नाहीत. आम्हाला तीनदा 'सॉरी?' म्हणतात. तर हा घाबरला, आणि घाबरला की याला मराठीच येतं. म्हणाला, "मम्मी पडली गं. पुलाजवळ. पुलाजवळ आहोत. कोणाला तरी पाठव लवकर." आणि फोन हातातून पडला.

रिबेका लांब, ग्लेन वेव्हर्लीच्या एका शाळेत शिकवते. तिने वर्गाबाहेर येऊन ट्रिपल झीरो लावला आणि एका दमात, स्पष्ट, वेरिबीच्या स्विमिंग पूलचा पत्ता दिला. मंगळवार होता ना.

ॲम्ब्युलन्स तिथे गेली. त्यांनी चेंजिंग रूमसुद्धा बघितल्या. नॉर्बर्टने नंतर मला एकदाच सांगितलं, "बाय, सायरन ऐकू येत होता. दुसरीकडे जात होता." शेवटी पळायला आलेल्या एका मुलीने आपल्या फोनवरून परत फोन केला. मध्ये एकोणीस मिनिटं गेली.

दुपारी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टरने सांगितलं, मेंदूत एवढा मोठा रक्तस्राव होता की इथे दारात पडल्या असत्या तरी काही करता आलं नसतं. मी वीस वर्षं एज्ड केअरमध्ये, म्हाताऱ्यांच्या होममध्ये, नर्स होते. डॉक्टर खरं कधी बोलतो आणि दया म्हणून कधी बोलतो, ते मला कळतं. तो खरं बोलत होता. पण बापलेक दोघंही भिंतीकडे बघत होते. त्यांच्या कानात ते शिरलंच नाही. डॉक्टर गेल्यावर रिबेका मला म्हणाली, "आत्या, आय सेंट देम टू द पूल." एवढंच. त्यानंतर त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही. मीसुद्धा नाही.

चौदा महिने गेले. महिन्याची मिस्सा झाली, वर्षाची मिस्सा झाली. कोणी रडलं नाही. माझ्या डोळ्यांतून एरवी जाहिरात बघूनही पाणी येतं, पण ऑलिव्हच्या शवपेटीजवळ उभी असताना मी विचार करत होते की फुलवाल्याने लिलीची पानं नीट कापली नाहीत. मला काहीच वाटत नव्हतं. दात काढताना गालाला इंजेक्शन देतात ना, तसं सगळं. माझे दोन्ही गुडघे खराब, जिना चढताना मी सगळ्या संतांची नावं घेते. त्या चौदा महिन्यांत मी एकदाही घेतली नाहीत. दुखत असतील, पण मला पोचत नव्हतं.

नॉर्बर्ट सगळं वेळेवर करत होता. लॉन कापायचा, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा, पुढे केलेलं ताट संपवायचा. भाजीत मीठ नसलं तरी संपवायचा. एकदा मी मुद्दाम घातलं नाही, तर ढिम्म. कपाटाचं दार उघडायचा, शर्ट काढायचा, आतल्या पुलाच्या फोटोकडे नजर नाही. आणि एक नवीनच खूळ. रिबेकाशी इंग्लिशमधून बोलायला लागला. "हाऊ वॉज स्कूल." "ड्राइव्ह सेफ." जन्मभर ज्याने पोरीशी मराठी सोडलं नाही, तो! माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, "हे काय नाटक?" तर म्हणाला, "तिला सोपं जातं." रिबेकाही येस डॅडी, नो डॅडी करून दर रविवारी जेवून जायची. मी मधे बसून दोघांना वरण वाढायचे.

आमच्या मराठी ग्रुपची इटलीची यात्रा ऑलिव्ह असतानाच ठरली होती. रोम, असिसी, पादुआ. तिने स्वतःचं, नॉर्बर्टचं आणि माझं नाव दिलं होतं. तिच्या जागी रिबेकाने यायचं ठरलं. कोणी ठरवलं, ते आठवत नाही, बहुतेक मीच दामटलं असेल. जाण्याआधी ऑलिव्हच्या ड्रॉवरमध्ये यात्रेचा कागद सापडला. पादुआच्या मोकळ्या दिवसापुढे तिने पेनने लिहिलं होतं, 'सवत'. मी तो कागद नॉर्बर्टला दाखवला. त्याने वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

यात्रेत तो सामानासारखा आला. उचललं की उचलला जायचा, ठेवलं की बसायचा. पादुआला संत अंतोनीच्या कबरीवर सगळे हात टेकून डोळे मिटून उभे होते. यानेही टेकला आणि काढून घेतला, भिंत ओली आहे का बघतात तसा. मी अंतोनीला म्हटलं, "बाबा रे, तू हरवलेलं शोधून देतोस ना? आमच्या घरातलं बोलणं हरवलंय. बघ जमलं तर." खरं सांगायचं तर विश्वास नव्हता. सवयीने मागितलं.

मोकळ्या दिवशी मी दोघांना व्हेरोनाच्या ट्रेनमध्ये बसवलं. तासाभराचा प्रवास. तिघंही खिडकीबाहेर बघत होतो. स्टेशनवरून टॅक्सीने जुन्या भागात आलो, एका गल्लीतून बाहेर पडलो, आणि समोर तो पूल. कॅलेंडरवरचा. पस्तीस वर्षं ज्याचं कौतुक ऐकलं तो. खाली हिरवं पाणी जोरात वाहतंय. मी नॉर्बर्टचं तोंड बघत होते. सुपरमार्केटच्या कारपार्कमधून ट्रॉली ढकलत जावं तसा तो पुलावरून चालत पलीकडे गेला. थांबला नाही, कठड्याला हात लावला नाही. मागून रिबेका म्हणाली, "नाइस, नो?" तो म्हणाला, "येस, नाइस." मला त्या दोघांना धरून हलवावंसं वाटलं, आणि हलवण्याचाही कंटाळा आला.

पलीकडे टेकडीवर जायला छोटी गाडी आहे, रुळांवरून वर चढणारी. तिने वर गेलो. कॅलेंडरवाल्याने फोटो काढला असेल ती हीच जागा, शंभर टक्के. खाली नदीचं वळण, लाल छपरं, चर्चचे मनोरे, बाजूला सुरूसारखी उंच काळपट झाडं, आणि बरोबर मधे पूल. लोक एकमेकांना धरून सेल्फी काढत होते. मी कठड्यावर बसले. नॉर्बर्ट बाजूला उभा होता. रिबेका पाण्याच्या बाटल्या आणायला गेली. मी डोळे मिटले, दहा मिनिटं असतील नसतील.

"आत्या, व्हेअर्ज डॅडी?"

उघडून बघते तर नॉर्बर्ट नाही.

रिबेकाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा खाली, नदीकडे. तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं. पाणी किती जोरात होतं ते आम्ही दोघींनीही येताना बघितलं होतं.

तिने फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. चार-पाच रिंग गेल्या. मग त्याचा आवाज. "हॅलो."

"डॅडी, व्हेअर आर यू?"

 नुसता पाण्याचा आवाज. मग तो हळू म्हणाला, "ॲट द..." आणि अडखळला. "ॲट द ब्रिज."

आणि आमची पोर किंचाळली. मराठीत. सेल्फीवाले सगळे वळून बघायला लागले.

"पूल म्हण! पूल म्हण ना, डॅडी! तू मला कधी ब्रिज नाही बोललास, आता का बोलतोस? माझ्याशी मराठी का नाही बोलत? मला माहीत होतं पूल म्हणजे काय. बेदर्सची स्टोरी माझीच आहे ना! ट्वेंटीफाइव्ह इयर्स ऐकली. तरी मी त्यांना तिकडे पाठवलं. मी पाठवलं. तू एकदा ओरड मला. इंग्लिश नको बोलू. मराठीत ओरड!"

  मग नॉर्बर्ट बोलला, मराठीत.

"तुला कशाला ओरडू गं? मी मराठीत बोललो, म्हणून झालं ते. चौतीस वर्षं ड्रॉइंगवर ब्रिज लिहिलं मी. त्या दिवशी तो एक शब्द तोंडात आला नाही. तुझी काय चूक? मीच शिकवलं तसं. परत तशी चूक नको, म्हणून मग मी तुझ्याशी..." 

रिबेका फोनकडे बघत राहिली. "मला वाटलं तुला माझ्याशी बोलायलाच नको," ती म्हणाली.

म्हणजे हा इंग्लिश बोलत होता पोरीला वाचवायला, आणि पोर समजत होती की बापाने आपल्याला परकं केलं. चौदा महिने! आणि मी दोघांच्या मधे बसून वरण वाढत होते. माझं टाळकं असं सरकलं, मी तिच्या हातातून फोनच ओढून घेतला.

"दोघंही ऐका आता! मंगळवारी मला कोणी पूल म्हटलं असतं तर मीसुद्धा पोहायचा पूलच समजले असते. मी, वसईची! आणि ॲम्ब्युलन्स तुझ्या बाकाला टेकून उभी असती ना नॉर्बर्ट, तरी ऑलिव्ह गेली असती. डॉक्टर दया म्हणून बोलत नव्हता. मी नर्स आहे, मला त्याच दिवशी कळलं होतं. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते माझं पाप. माझ्याकडे राहू दे."

 रिबेकाने फोन हळूच परत घेतला.

"डॅडी, तिथेच थांब," ती म्हणाली. "पुलावर. मी येते."

"ये," तो म्हणाला. "पांढऱ्या दगडाच्या बाजूला आहे. सावकाश ये, पायऱ्या खराब आहेत."

ती सावकाश गेली नाही. मला वरून सगळं दिसत होतं. झाडांमधून तिचा पिवळा शर्ट दिसायचा, गायब व्हायचा, परत दिसायचा. पुलावर पुष्कळ माणसं होती, पण कठड्याला टेकून उभा असलेला तो टकलू माझाच भाऊ, ते मला तेवढ्या उंचीवरून ओळखू आलं. पिवळा शर्ट त्याच्यापाशी पोचला आणि थांबला. दोघांच्या मधे एक हात अंतर राहिलं. मिठी वगैरे काही नाही. आमच्यात ती पद्धतच नाही. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मिस्सेनंतर फादर पोरांच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि काढलाच नाही.

मी गाडीने खाली आले. पुलावर गोटे बसवलेत, चालताना पाय वाकडा पडतो. तिसऱ्या-चौथ्या पावलाला माझ्या उजव्या गुडघ्यातून अशी कळ निघाली की मी भर रस्त्यात संत ॲना, संत अंतोनी, संत गोन्सालो, सगळ्यांना एका दमात हाका मारल्या. दोघांनी वळून बघितलं. नॉर्बर्ट म्हणाला, "गुडघा?" मी म्हटलं, "मग काय नाक?" आणि मग मला रडू आलं. गुडघ्यामुळे की कशामुळे, कोण जाणे. चांगलं पाच मिनिटं रडले. ऑलिव्ह, ती जाडी, बडबडी, गोड बाई, आता कधीच दिसणार नाही, हे मला चौदा महिन्यांनी त्या कठड्याशी कळलं.

त्या दोघांनी मला रडू दिलं. मी नाक पुसेपर्यंत नॉर्बर्ट रिबेकाला दगड दाखवत होता. पूर्वी तो बोलायचा आणि ती अंदाजाने मान हलवायची. घराघरात असंच चालतं इकडे. अर्धं कळतं, अर्धं धकवून नेतात. आज ती प्रत्येक शब्दाला अडवत होती.

"ह्या दोन कमानी रोमन लोकांच्या," तो म्हणाला.

"कमानी म्हणजे?"

"आर्च. ह्याच सुरुंग लावून उडवल्या होत्या."

"सुरुंग म्हणजे?"

"सुरुंग म्हणजे... अगं, भोक पाडून त्यात दारू भरतात."

"दारू? लाइक, व्हिस्की?"

मी ओल्या तोंडाने फिसकन हसले. नॉर्बर्ट हसला नाही, पण त्याने मान हलवली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. दारू म्हणजे काय, कठडा म्हणजे काय, खांबाचा पाया म्हणजे काय. ती त्याच्यामागून एकेक शब्द पुटपुटत होती. कठड्यावर हात ठेवून तिने खाली बघितलं, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"आणि हे सगळं मिळून?" तिने विचारलं.

तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं की तिला माहीत आहे. त्याने ओठ ओले केले. 

"पूल," नॉर्बर्ट म्हणाला.